मार्व्हल सुपर हीरोज (१९९५) : बेळगाव-खानापूर-निपाणीकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीतल्या आमच्या घरी शनिवारी संध्याकाळी जुने फायटिंग गेम खेळायला मंडळी जमतात. कॉलेजची पोरं असतात, उद्यमबागेतली शिफ्ट संपवून थेट येणारे असतात, खानापूर-निपाणीकडचा कुणी पाहुणा आला की तोही टेकतो. या सगळ्यांचे आणि त्यांच्या मित्रांचे सर्वांत जास्त प्रश्न येतात ते कॅपकॉमच्या ‘मार्व्हल सुपर हीरोज’बद्दल. फोनवर तीच उत्तरं तुकड्यातुकड्यानं देण्यापेक्षा इथे नीट लिहून ठेवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो : गेम आजही खणखणीत आहे, पण तो दोघांनी शेजारी बसून खेळायचा आहे. एकट्यानं कॉम्प्युटरविरुद्ध खेळून ‘जुना झालाय’ म्हणणाऱ्यांनी तो अजून खेळलेलाच नाही, असं मी मानतो.

मार्व्हलचे ढीगभर गेम आहेत. हा नेमका कुठला?

जपानच्या ओसाका शहरातल्या कॅपकॉम कंपनीनं १९९५ मध्ये आर्केड मशीनसाठी, म्हणजे दुकानात नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढलेला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचाच ‘एक्स-मेन : चिल्ड्रन ऑफ द अ‍ॅटम’ आला होता. मग १९९६ ला ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’, १९९७ ला ‘मार्व्हल सुपर हीरोज व्हर्सेस स्ट्रीट फायटर’, १९९८ ला ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ आणि २००० मध्ये त्याचा दुसरा भाग. नावं एकमेकांत गुंतलेली, त्यात आपल्याकडे कॉपी सीडीच्या कव्हरवर वाटेल ते छापलेलं असायचं, त्यामुळे लोकांचा गोंधळ होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. या गेममध्ये एकास एक लढत असते, मध्येच जोडीदार बोलावता येत नाही, स्ट्रीट फायटरवाले र्यू आणि केन कुठेच दिसत नाहीत, आणि मारामारी सुरू असताना रंगीत रत्नं उडत असतात. निवडायला दहा जण : स्पायडर-मॅन, कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, हल्क, वुल्व्हरीन, सायलॉक, जगरनॉट, मॅग्नेटो, ब्लॅकहार्ट आणि शूमा-गोराथ. शेवटाकडे आधी डॉक्टर डूम आडवा येतो आणि सगळ्यांत शेवटी थॅनॉस.

गोष्ट सिनेमावरून घेतलीय का?

नाही, सिनेमे फार नंतरचे. गेमची गोष्ट १९९१ च्या ‘इन्फिनिटी गॉन्टलेट’ या कॉमिकवर सैलसर बेतलेली आहे. लेखक जिम स्टारलिन. सहा रत्नं, ती गोळा करणारा थॅनॉस, त्याला अडवणारे बाकीचे, एवढंच. आज थॅनॉस म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या दुकानात तो कोण, कुठला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. स्पायडर-मॅन आणि हल्क तेवढे ओळखीचे, बाकी सगळ्यांना आम्ही कपड्यांच्या रंगावरून हाका मारायचो.

बेळगावात हा गेम होता तरी का? आम्ही तर मुस्तफाच खेळलो.

होता, पण थोडा. आपल्याकडच्या दुकानांवर राज्य होतं ते १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’चं, म्हणजे ज्याला आपण सगळे मुस्तफा म्हणतो त्याचं. तोही कॅपकॉमचाच. बसस्टँडच्या आसपास, खडेबाजाराच्या बोळात, जत्रेत जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात, जिथे मशीन तिथे मुस्तफा असायचाच.

याचं मोठं कारण बटणांत आहे, असं मला वाटतं. मुस्तफाला मारायचं एक आणि उडीचं एक अशी दोन बटणं पुरतात. पुढे ‘किंग ऑफ फायटर्स’ आला, त्याला चार लागतात. मार्व्हल सुपर हीरोजला सहा हवीत : तीन ठोशांची, तीन लाथांची, हलकं, मध्यम आणि जोराचं. फळीला सहा भोकं पाडायची, सहा बटणं जोडायची आणि वर ती सगळी चालू ठेवायची, हे दुकानदाराला परवडणारं नव्हतं. मी हा गेम पहिल्यांदा ज्या मशीनवर पाहिला, तिथे खालच्या रांगेतली शेवटची दोन बटणं भोक झाकण्यापुरती ठोकलेली होती. दाबली तर आत जायची, पण मागे तारच जोडलेली नव्हती. म्हणजे मध्यम लाथ नाही आणि जोराची लाथ नाही.

त्या काळी खेळलेल्या कित्येकांना हा गेम म्हणजे नुसता बटणं बडवायचा धांगडधिंगा वाटतो, तो यामुळे. त्यांना गेम अर्धाच मिळाला होता. आज सहाही बटणं हाताखाली घेऊन बसलात की पहिल्या दहा मिनिटांत फरक कळतो. मला तर वाटतं, आपल्या भागातल्या माणसांनी हा गेम मुद्दाम पुन्हा खेळावा, कारण आपलं त्याच्याबद्दलचं मत मोडक्या फळीवर बनलेलं आहे.

त्या दुकानांतली एक गोष्ट मात्र पूर्ण होती. अर्धे मराठीत ओरडायचे, अर्धे कन्नडमध्ये, मशीनवाले मामा हिंदीत दम द्यायचे. कन्नडमधलं ‘होडी, होडी’ (म्हणजे ‘मार, मार’) आणि ‘मार की रे’ एकाच वेळी कानावर यायचं. कोण कुठल्या शाळेचा, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. पुढचं नाणं कुणाचं, एवढाच वाद. आमच्याकडे येणारा संकेश्वरचा एक मित्र आजही कन्नडमधूनच डाव सांगतो आणि सगळ्यांना कळतो.

चित्रं आज बघवतात का? तीस वर्षं होऊन गेली की ओ.

बघवतात, आणि माझ्या मते या गेमची सगळ्यांत भक्कम बाजू तीच आहे. त्याच काळातले सुरुवातीचे थ्रीडी गेम आज उघडले तर चेहरे ओळखू येत नाहीत. हा मात्र हातानं काढलेल्या चित्रांचा गेम आहे आणि चांगलं चित्र जुनं होत नाही.

आकडे बघाल तर गंमत वाटेल. कॅपकॉमच्या सीपीएस-२ या बोर्डवर तो चालायचा. चित्र रुंदीला ३८४ ठिपके आणि उंचीला २२४. आजच्या स्वस्तातल्या मोबाइलचा पडदा याच्या कितीतरी पट बारीक असतो. तेवढ्याशा जागेत त्या चित्रकारांनी हल्क असा बसवलाय की तो पडद्यावर आला की समोरच्याला जागाच उरत नाही. नुसता उभा असतानाही कुणी गप्प उभा नसतो; छाती वरखाली होते, बोटं हलतात, स्नायू ताणले जातात.

आयर्न मॅनचा ‘प्रोटॉन कॅनन’ एकदा थांबून बघा. तो तोफ मागवतो आणि स्वतःपेक्षा अवजड तोफ त्याच्या खांद्यावर येऊन बसते. एक क्षण तो ती सावरतो. मग आडवा झोत सुटतो आणि पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उजेडच उजेड. झोत समोरच्याला लागत असताना प्रत्येक फटक्याला चित्र किंचित अडकतं, तोच आपल्या हाताला दणका बसल्यासारखा जाणवतो. फायटिंग गेममध्ये मार जड वाटतो तो या अडकण्यामुळे. फटका बसला की दोघंही काही फ्रेम जागच्या जागी थिजतात. इथे ते इतकं नेमकं बसवलंय की डोळे मिटूनही हलका ठोसा कुठला आणि जोराचा कुठला, हे आवाजावरून आणि ठेक्यावरून सांगता येतं.

एक कळकळीची विनंती : चित्र ताणू नका. गेम ४:३ मापासाठी काढलेला आहे. रुंद टीव्हीवर भरण्यासाठी ओढलात की वुल्व्हरीन बुटका आणि जाडा दिसतो, उड्यांचा अंदाजही चुकतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या.

खेळायला कसा आहे? मी कधी फायटिंग गेम खेळलेलो नाही.

मग सुरुवात करायला याच्याइतका चांगला गेम क्वचितच सापडेल. बेळगावला कुस्तीचं वेड, म्हणून नवख्याला मी तसंच समजावतो. पैलवान आधी हात घालतो, पकड घेतो, मग उचलतो आणि शेवटी पाडतो. इथेही तसंच. हलका ठोसा लागला की लगेच मध्यम, मग जोराचा, अशी चढती साखळी बहुतेक सगळ्यांकडून सहज जुळते. प्रत्येक गड्याकडे समोरच्याला वर उडवणारा एक फटका असतो. तो लागला की जॉयस्टिक वर ढकलायची. आपला गडी त्याच्यामागे उंच झेपावतो आणि हवेत पुन्हा तीच साखळी लावता येते. शेवटचा फटका जोराचा, समोरचा दाणकन जमिनीवर.

हे जमलं की तुम्हाला या मालिकेतले पुढचे सगळे गेम वाचता येतात, कारण ही हवेतली मारामारी सगळीकडे तीच आहे.

विशेष डाव स्ट्रीट फायटरसारखेच. खाली, तिरकं पुढे, पुढे, असं चतकोर वर्तुळ फिरवून ठोसा दाबला की स्पायडर-मॅन जाळ्याचा गोळा फेकतो. तो लागला की समोरचा जाळ्यात गुंडाळला जातो आणि धडपडत राहतो. ती धडपड चालू असते तेवढाच वेळ तुमच्या हातात. धावत जाऊन साखळी लावायची की मुद्दाम उशीर करून त्याला चकवायचं, हे ठरवायला डोकं लागतं. समोर माणूस बसलेला असला की याच जागी खरी मजा येते. कॉम्प्युटर जाळ्यात अडकला तरी घाबरत नाही.

आणि अडवायला शिका. जॉयस्टिक समोरच्यापासून उलट दिशेला धरली की मार अडतो. नवीन माणसं पहिल्या तासात फक्त मारत सुटतात आणि हरतात. ज्यानं मागे धरून वाट बघायला शिकलं, तो त्याच संध्याकाळी जिंकायला लागतो.

त्या रत्नांचं काय करायचं असतं?

लढताना रत्न पडतं, ते उचलायचं आणि योग्य वेळी वापरायचं. वापरलं की काही काळ त्याचा परिणाम राहतो. शक्तीचं रत्न मार वाढवतं, अवकाशाचं अंगावरचा मार कमी करतं, काळाचं वेग वाढवतं, आत्म्याचं ताकद भरून काढतं, मनाचं सुपरचा (सगळ्यांत मोठ्या डावाचा) मीटर भरतं आणि वास्तवाच्या रत्नामुळे तुमच्या साध्या फटक्यांतून आग-बर्फासारखे मारे निघायला लागतात. काही गड्यांना एखाद्या ठरावीक रत्नातून जास्तीचं काही मिळतं. स्पायडर-मॅननं शक्तीचं रत्न वापरलं की त्याची सावली तयार होते आणि ती समोरच्याच्या पलीकडून त्याच वेळी मारते.

मार बसला की हातातलं रत्न निसटूही शकतं, आणि मग दोघंही त्याच्यामागे धावतात. शनिवारी सगळ्यांत मोठा आरडाओरडा होतो तो याच वेळी.

हे न्याय्य आहे का? पूर्ण नाही. ज्याच्याकडे नेमकं रत्न नेमक्या वेळी आलं, त्याचं पारडं जड होतं आणि पट्टीचा खेळाडू त्यावर वैतागतो. पण मला ते आवडतं, कारण हरत आलेल्या माणसाला उठायला जागा मिळते आणि लढत शेवटपर्यंत जिवंत राहते. कॅपकॉमलाही ही कल्पना सोडवली नाही. २०१७ च्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम : इन्फिनिट’मध्ये त्यांनी सहा रत्नं पुन्हा आणली.

कुठला गडी घेऊ?

स्पायडर-मॅन. चपळ आहे, साखळ्या लांब लागतात, जाळ्याचा गोळा लांबून कामाला येतो. जवळ जाऊन झोंबायची सवय असेल तर वुल्व्हरीन. स्ट्रीट फायटरमधून येत असाल तर कॅप्टन अमेरिका. ढाल लांबून फेकायची, उडी मारून आला की खालून वर मारायचं, सगळं ओळखीचं वाटेल.

वडील किंवा काका कधीतरी खेळायला बसले तर त्यांना जगरनॉट किंवा हल्क द्या. हलके ठोसे लागले तरी जगरनॉट थांबत नाही, चालतच येतो. हल्क उडी मारून पडद्याबाहेर जातो आणि उल्का घेऊन अंगावर आदळतो. तो डाव एकदा लागला की काका उठत नाहीत.

मॅग्नेटो आणि सायलॉक हात बसल्यावर घ्या. शूमा-गोराथबद्दल मात्र दोन शब्द जास्त लिहायलाच हवेत. एकच मोठा डोळा आणि बाकी सगळे लवलवते पाय, असं हे ध्यान. कॉमिकमध्ये डॉक्टर स्ट्रेंजचा हा शत्रू सत्तरच्या दशकापासून आहे, पण त्याला जगभर ओळख मिळाली ती याच गेममुळे. इतके मोठमोठे नायक हाताशी असताना कॅपकॉमच्या लोकांनी असं काहीतरी निवडावं आणि ते इतक्या प्रेमानं हलवावं, यातून त्यांचा जीव कशात होता ते दिसतं.

डूम आणि थॅनॉस लपलेले आहेत. गुप्त कोड वापरून तेही घेता येतात. जपानी आवृत्तीत अनिता नावाची एक लहान मुलगीही लपलेली आहे, ती मूळची कॅपकॉमच्याच ‘डार्कस्टॉकर्स’ मालिकेतली.

कॉम्प्युटर फार मारतो. आमचंच चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. मशीन नाण्यावर चालायचं. तुम्ही हरलात तरच पुढचं नाणं पडणार. त्या हिशोबानंच त्याची अवघडाई ठरलेली आहे. शेवटच्या लढतीत तर थॅनॉस तुम्ही जमवलेली रत्नं हिसकावून घेतो आणि तीच तुमच्यावर उलटवतो. गोष्ट म्हणून झकास, पण खेळताना नाकी नऊ येतात. आताच्या संग्रहात अवघडाई कमी करता येते. ती कमी करून एकदा शेवट बघा आणि मग माणसांशी खेळा.

आज हा कुठे मिळेल?

‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम फायटिंग कलेक्शन : आर्केड क्लासिक्स’ या संग्रहात. सप्टेंबर २०२४ मध्ये तो प्लेस्टेशन ४, निन्टेंडो स्विच आणि पीसीवर (स्टीम या ऑनलाइन दुकानातून) आला; एक्सबॉक्सची आवृत्ती २०२५ मध्ये. वर सांगितलेले सहाही फायटिंग गेम त्यात आहेत, शिवाय १९९३ चा ‘द पनिशर’, जो मुस्तफाच्या धाटणीचा चालत चालत मारायचा गेम आहे. मुस्तफावर वाढलेल्या मंडळींनी तो दोघांनी मिळून खेळावा, पैसे तिथेच वसूल होतात.

संग्रह मनापासून केलेला आहे. सरावाची सोय आहे, फटक्याची पोच चौकटीत दाखवता येते, जुन्या ट्यूबच्या पडद्यासारखं चित्र करता येतं, जुनी रेखाटनं आणि संगीत आहे. नवख्यांसाठी एका बटणावर विशेष डाव काढायची सोयही ठेवलीय. एक उणीव खटकते : बाहेर आला तेव्हा मध्येच गेम साठवायला सगळ्या सात गेमना मिळून एकच जागा दिली होती. एकाचं साठवलं की दुसऱ्याचं पुसलं जायचं.

त्याआधी २०१२ मध्ये ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम ओरिजिन्स’ नावानं हा गेम डिजिटल दुकानात आला होता, पण २०१४ च्या अखेरीस तो विक्रीतून काढला गेला. त्यानंतर जवळपास दहा वर्षं हा गेम कुठल्याही डिजिटल दुकानात विकत घेता येत नव्हता. म्हणून आता मिळतोय तोवर घेऊन ठेवा.

मेमवर फुकट खेळता येतो ना?

मेम हा जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम १९९७ पासून आहे, कायदेशीर आहे, आणि जुने गेम जगले त्यात त्याचा फार मोठा वाटा आहे. पण त्यात घालायची या गेमची फाइल नेटवरून उतरवणं कायदेशीर नाही. पूर्वी दुसरा मार्गच नव्हता, तेव्हा बेळगावच्या सायबर कॅफेत सगळं तसंच चालायचं. आता मार्ग आहे. स्टीमवर मोठ्या सवलती लागतात, त्यात घ्या.

घरी जुन्या प्लेस्टेशनची सीडी आहे, ती चालेल?

चालू होईल, पण तिच्यावरून गेमची परीक्षा करू नका. १९९७ मध्ये तो पहिल्या प्लेस्टेशनवर आणि सेगा सॅटर्नवर आला. प्लेस्टेशनची मुख्य मेमरी जेमतेम दोन मेगाबाइट. एवढी चित्रं तिच्यात मावणं शक्यच नव्हतं, म्हणून मधल्या हालचाली कापल्या गेल्या. सुपर लागला की चाल मंदावते आणि दर लढतीआधी सीडी फिरत बसते.

भंगारात मूळ बोर्ड मिळतोय. घेऊ का?

हा प्रश्न निपाणीच्या एकानं विचारला होता आणि त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण यात पैसे पाण्यात जाऊ शकतात.

सीपीएस-२ चे दोन भाग असतात. खालचा सगळ्या गेमना सामायिक. वरच्या डब्यात प्रत्यक्ष गेम. कॉपी रोखण्यासाठी कॅपकॉमनं गेमचा प्रोग्राम कुलूपबंद केला आणि त्याची किल्ली वरच्या डब्यातल्या मेमरीत ठेवली. ती मेमरी जिवंत राहते एका लहानशा लिथियम बॅटरीवर. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. चिप शाबूत, तारा शाबूत, पण प्रोग्राम उलगडता येत नाही. जगभरातले कितीतरी बोर्ड असे कपाटात पडल्या पडल्या मेले. २००७ मध्ये हे कुलूप मेमच्या लोकांनी उलगडलं. त्यानंतर किल्ली पुन्हा भरायची रीतही निघाली, आणि ते काम आता साध्या, स्वस्त सर्किटवर होतं.

तेव्हा बोर्ड घ्यायचा तर आधी चालू करून दाखवायला सांगा. बंद असेल तर बॅटरी गेलीय असं समजूनच भाव करा. डबा उघडून बॅटरीतून काही गळलंय का ते बघा. गळलेलं पाणी पट्ट्या खातं आणि मग किल्ली भरूनही उपयोग नाही. आणि आवरण नीट बघा. नकली मालाची आपल्याकडे कधीच कमी नव्हती. सोल्डरिंगमध्ये हात बसलेला नसेल तर या वाटेला न जाता संग्रह घ्यावा, असं माझं सरळ मत.

काय वापरून खेळू? कीबोर्ड, पॅड की जॉयस्टिक?

आधी जे घरात आहे त्यावर सुरू करा. कीबोर्डवर चतकोर वर्तुळं चांगली निघतात, फक्त दोघांनी एकच कीबोर्ड वापरला तर एका वेळी दाबलेली काही बटणं तो गिळतो. पॅड घ्यायचा तर समोर सहा बटणं असलेला शोधा.

जॉयस्टिकची हौस असेल तर आपण नशीबवान आहोत. उद्यमबागेत धातू कापणारी, भोकं पाडणारी वर्कशॉप किती तरी आहेत. कागदावर माप काढून द्या, पत्रा हवा तसा कापून मिळतो. खोका प्लायवूडचा, सुताराकडून. स्टिक, बटणं आणि आतला सर्किट बोर्ड ऑनलाइन मिळतो, जोडणीला सोल्डरिंगही लागत नाही. बटणाचं भोक साधारण ३० मिलिमीटरचं धरतात, पण बटणं हातात आल्यावर मोजून मगच कापायला द्या. खोका जड करा. हलका खोका मांडीवर नाचतो.

टीव्हीवर खेळताना सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. गेम सेकंदाला साठ फ्रेमनी पळतो; टीव्ही चित्र सजवत बसला की बटण दाबल्यावर ठोसा उशिरा निघतो आणि तुम्हाला वाटतं आपला हातच मंद झालाय.

पुण्याच्या भावाशी ऑनलाइन खेळता येईल?

येईल. संग्रहात रोलबॅक पद्धत आहे : पलीकडचा काय दाबेल याचा गेम अंदाज बांधून पुढे जातो आणि अंदाज चुकला की क्षणात मागे येऊन दुरुस्त करतो. बेळगाव-पुणे अंतरावर चांगली जोडणी असेल तर फरक जवळजवळ जाणवत नाही. वायफायपेक्षा केबल लावा. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नाही, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर घ्या. अनोळखी खेळाडू मात्र बहुतेक ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’मध्ये सापडतात; या गेमसाठी भावालाच फोन करावा लागेल.

लहान मुलांना द्यावा का?

द्या. रक्त दिसत नाही, कुणी मरत नाही. सायलॉकचा पोशाख काही पालकांना खटकतो, तो आधी बघून घ्या. अक्षरं इंग्रजी किंवा जपानी, पण वाचण्यासारखं फार थोडं आहे. दुसरीतल्या पोरालाही अडत नाही.

यातलं काय जुनं झालंय, ते खरं सांगा.

दहाच गडी, आणि त्यात बाई एकटी सायलॉक. मार्व्हलकडे एवढ्या नायिका असताना हे आज डोळ्यांवर येतं. आमच्याकडे येणाऱ्या मुली हे पहिल्याच दिवशी विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे.

दुसरं, न संपणारे कॉम्बो, म्हणजे सलग लागत जाणाऱ्या फटक्यांच्या साखळ्या. एकदा हात घातला की जीव जाईपर्यंत समोरच्याला सोडायचंच नाही, असे बरेच कॉम्बो या गेममध्ये निघतात. एखाद्याला ते पाठ असले की समोरच्यानं नुसतं बघत बसायचं. आम्ही घरातल्या खेळात ते चालवत नाही. कळलं की सोडून द्यायचं, असं ठरलेलं आहे.

तिसरं, गेम स्वतः काहीच शिकवत नाही. वर सांगितलेली साखळी, उडवणारा फटका, रत्नाचा वापर, यातलं एक अक्षर तो सांगत नाही. दुकानात हे मागे उभा राहिलेला एखादा दादा शिकवायचा. आज ज्याच्या मागे असा कुणी उभा नाही, तो अर्ध्या तासात कंटाळून बंद करतो. त्याच्या कंटाळ्याला मी दोष देत नाही. त्याच्या शेजारी कुणीतरी बसायला हवं होतं.

हा आवडला. पुढे कुठला घेऊ?

त्याच संग्रहात १९९८ चा ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’ उघडा. तिथे दोघांची जोडी असते, मदतनीस येऊन मारून जातात, पण साखळी आणि हवेतला मार तोच, त्यामुळे हात लगेच बसतो. २००० चा दुसरा भाग सगळ्यांत गाजलेला आहे, ५६ गडी, तिघांचा संघ. पण त्यात पडद्यावर एवढं घडतं की नवीन माणूस हरवतो. तो शेवटी ठेवा. मागे जायचं असेल तर १९९४ चा एक्स-मेन बघा. तो ताठर आहे, माफ करत नाही, आणि ‘मार्व्हल सुपर हीरोज’मध्ये कॅपकॉमनं काय काय मोकळं केलं ते त्याच्या शेजारी ठेवलं की स्पष्ट दिसतं.